पाना कुणाच्या हातात होता

श्रीशैल नांदेडला ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये कामाला होता. कामाला म्हणजे काउंटरच्या आतल्या बाजूला, पंख्याखाली. गिऱ्हाइकाला ट्रॅक्टर दाखवायचा, चावी देताना हार घालून फोटो काढायचा आणि घ्यायची काळजी तोंडपाठ म्हणून दाखवायची, एवढं त्याचं काम. पाना त्याच्या हातात यायचा तो दसऱ्याला, हळदकुंकू लावण्यापुरता. पण उदगीरच्या पलीकडं, कर्नाटकाच्या हद्दीला खेटून असलेल्या त्याच्या सासुरवाडीत मन्मथअप्पांचा जावई म्हणजे ट्रॅक्टरमधला लई मोठा माणूस, अशी त्याची ख्याती होती. ती खोडून काढावी असं त्याला लग्नानंतरच्या एवढ्या वर्षांत एकदाही वाटलं नव्हतं. कुणाला वाटेल?

त्यात अधिक महिना आला. तीन वर्षांनी येणारा, जावयाला डोक्यावर घेऊन नाचायचा महिना. अप्पांच्या घरी सगळ्यांच्या गळ्यात लिंग, देव्हाऱ्यात महादेव. पण अधिकात जावई विष्णू होतो आणि विष्णूला पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे असतात, यात त्या घराला कधी काही वावगं वाटलं नव्हतं. त्याच्या सासूबाईंनी, मल्लम्मामामींनी, आदल्या दिवसापासून डाळ शिजवून ठेवली होती. ओसरीवर भावकी जमली होती. श्रीशैलला आल्याआल्या आहेराचा पांढराशुभ्र सदरा घालायला लावला आणि भिंतीला टेकून लोडाशी बसवला. जावयानं सासरी आल्यावर काडी इकडची तिकडं करायची नाही, हा तिथला रिवाज. मंजुषा, त्याची बायको, येताजाता त्याच्याकडं बघून हसत होती, कारण नांदेडच्या घरी पाण्याचा तांब्यासुद्धा तोच भरून घ्यायचा.

घराच्या मागंच अप्पांचं रान. रानात पलटी नांगर उभा होता, ट्रॅक्टरच्या तेलाच्या दाबावर फाळ उलटणारा. तो नांगर अप्पांनी आणि त्यांच्या बांधाशेजाऱ्यानं, निवृत्ती कांबळेनं, भागीत घेतलेला. आज याच्या ट्रॅक्टरला, उद्या त्याच्या. दोघांत एक बोली ठरलेली होती. नांगर सोडणाऱ्यानं तो जमिनीवर टेकवायचा, इंजिन बंद करायचं, लिव्हर मागंपुढं मारून पाइपातलं दाबून बसलेलं तेल मोकळं करायचं आणि मगच पाइप उपसायचे. तसं नाही केलं तर प्रेशर पाइपातच कोंडून राहतं आणि दुसऱ्याला जोडताना पाइपाच्या टोकाचं कपलिंग काही केल्या आत जात नाही. निवृत्तीनं सकाळी आपली नांगरट उरकून नांगर आणून ठेवला तो असाच, रीतीनं सोडून. पण जेठाचं ऊन. दोन्ही तोंडं बंद असलेल्या पाइपात तेल तापलं, फुगलं, आणि दुपारपर्यंत नांगर पुन्हा हटून बसला.

अप्पांनी सांजच्याला नांगरट धरायची म्हणून कपलिंग जोडून बघितलं. जाईना. त्यांनी निवृत्तीला फोन लावला. तो म्हणाला, पाइपावर ओलं गोणपाट टाका, सावली करा, ऊन उतरलं की आपसूक बसंल. अप्पा गोणपाट भिजवायला हौदाकडं निघाले. एवढ्यावर हे सगळं मिटत होतं.

पण ओसरीवरून कुणीतरी म्हणालं, जावईबापू असताना गोणपाट कशाला? दुसऱ्यानं त्याला जोड दिली. श्रीशैल हरभऱ्याच्या झाडावर चढायला फार वेळ घेत नसे. तो उठला, पायात चपला सरकवल्या आणि पांढऱ्या सदऱ्याच्या बाह्या दुमडत रानात उतरला. मागोमाग चारदोन जण आणि दारात बायका.

खरं सांगायचं तर तापलेल्या पाइपाकडं बघताक्षणी त्याला कळलं होतं, हे उन्हाचं काम आहे. कळणार नाही कसं? शोरूममध्ये तो स्वतः प्रत्येकाला सांगायचा, उन्हात तापलेला पाइप असेल तर थांबा, नट सोडू नका, तेलाच्या पुढं हात धरू नका. त्याच्या पाठीमागच्या भिंतीवर तसलं चित्रच लावलेलं होतं. म्हणजे गोणपाट टाकून वाट बघणं हेच बरोबर होतं. पण एवढी माणसं मागोमाग आलेली असताना 'थांबा' म्हणून परत जाऊन लोडाला टेकायचं? ते तर निवृत्तीनंही फोनवर सांगितलं होतं. मग शोरूमवाल्या जावयात आणि इतरांत फरक तो काय राहिला?

"हे सोडतानाच प्रेशर काढलेलं नाही," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "अडाण्यासारखं सोडलंय. पाना आणा."

अप्पा जवळ आले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "निवृत्ती तसं सोडत न्हाई कधी. ऱ्हाऊ द्या जावईबापू, सांजचं बघू."

"मामा, माझं रोजचं काम आहे हे."

रोजचं काम! पाना नटाला लावताना तो उलटा लागतोय हे त्याला दुसऱ्या खेपेला कळलं. अप्पांनी ते पाहिलं असणार. नट ढिला होताना तेल उडणार हेही त्यांना ठाऊक होतं आणि जावयाच्या अंगावर आहेराचा सदरा होता. त्यांनी एका हातानं पाइप धरला आणि दुसरा, उजवा, पंजा पसरून नटाच्या पुढं आडवा धरला, सदऱ्यावर शिंतोडा जाऊ नये म्हणून. मामा, हात काढा, हे शब्द श्रीशैलच्या जिभेवर आले होते. पण हात काढा म्हटलं की का, हे सांगावं लागलं असतं, आणि का सांगितलं की मग हे करायचंच कशाला, असं कुणीही विचारलं असतं. त्यानं पाना दाबला.

सुस्स झालं. तेल सुटलं ते डोळ्याला दिसलं न दिसलं एवढं बारीक, आणि लगेच ओघळ होऊन खाली आलं. अप्पांनी हात झटकला. दोनचार थेंब सदऱ्याच्या बाहीवर पडलेच. मग जी काही धावपळ झाली ती सगळी सदऱ्यासाठी. मल्लम्मामामी बेसन घेऊन पळत आल्या, मंजुषा दुसरा सदरा आणायला गेली, कुणी म्हणालं रॉकेल लावा. अप्पांनी धोतराच्या सोग्याला हात पुसला आणि मुठीत मिटून घेतला. श्रीशैलनं नट आवळला, कपलिंग रेटलं. प्रेशर निघून गेलेलं, ते बापडं मुकाट्यानं खट्दिशी आत बसलं.

"बघा," मागून कुणी म्हणालं, "याला मनतात जाणकार."

श्रीशैल हसला. मग त्यानं अप्पांना विचारलं, लागलं का कुठं? अप्पांनी मूठ उघडून दाखवली. अंगठ्याच्या खालच्या मांसल भागात टाचणी टोचावी एवढा एक ठिपका होता. रक्तसुद्धा नाही. काटा मोडल्यागत वाटतंय, बाकी काय न्हाई, असं ते म्हणाले.

तो ठिपका श्रीशैलनं लगेच ओळखला. भिंतीवरच्या त्या चित्रात नेमका असाच ठिपका होता. खाली काय लिहिलंय तेही त्याला पाठ होतं: दाबाचं तेल कातडीतून सुईसारखं आत जातं, आधी दुखत नाही, जखम दिसत नाही, तरी लगेच दवाखाना गाठा, उशीर झाला तर बोट जातं, हातही जातो. हे वाक्य म्हणताना तो गिऱ्हाइकाच्या डोळ्यात बघून थोडा थांबायचा, म्हणजे ते मनावर ठसतं. आता त्याच्याच मनावर ते ठसत होतं आणि तोंड मात्र उघडत नव्हतं. तेल कदाचित वरच्यावर गेलं असेल. ठिपका कदाचित आधीचाच असेल, बोरीचा काटा असेल. जेवण तर होऊ दे, मग बघू. माणूस स्वतःला फसवायला बसला की किती पटपट कारणं सुचतात!

तेवढ्यात निवृत्तीची बायको रेणुका आली. तिलाही जेवायला बोलावलेलं होतं आणि ती मंजुषासाठी पदराखाली जांभळं घेऊन आली होती. मामी बाहीवरचे डाग चोळत होत्या. त्यांनी वर न बघताच तिला सुनावलं. तुमच्या मालकाला नांगर धड सोडता आला न्हाई, जावयाचे नवे कपडे बाद झाले, ह्यांच्या हातावर तेल उडलं, भागीत नांगर घ्यायचा तर माणसं बघून घ्यायला पाहिजे होती. ओसरीवरच्या एकदोघांनी मान हलवली. दोष ठेवायला कांबळ्यांचं घर सोपं होतं. का सोपं होतं ते त्या ओसरीवर कुणी उघड बोललं नसतं. रेणुका मामीकडं बघत राहिली, मग तिनं श्रीशैलकडं पाहिलं. जाणकार माणूस म्हणून पाहिलं, की बाबा, तू तरी सांग. श्रीशैल चपलेला लागलेली माती बघू लागला. रेणुकानं जांभळं उंबऱ्याजवळ ठेवली आणि ती न जेवताच परत गेली.

मन्मथअप्पा एवढंच म्हणाले, "त्याचं काय न्हाई त्यात. मीच पाना लावला."

मामी तेव्हा चुलीपाशी होत्या, त्यांना ते खरं वाटलं. ओसरीवरच्यांनी समोर उभं राहून पाहिलं होतं, पण यजमानानं एकदा शब्द टाकल्यावर तो खोडायचा नाही एवढी अदब त्यांना होती. त्यांनी श्रीशैलकडं पाहिलं नाही, आणि ते न पाहणं श्रीशैलला चांगलंच कळलं.

ऊन कलल्यावर पाट मांडला. परात आणली. धोंडे वाढण्याआधी सासऱ्यानं जावयाचे पाय धुवायचे. श्रीशैल पाटावर बसला, पाय परातीत. अप्पा समोर बसले, तांब्या डाव्या हातात घेतला आणि डाव्याच हातानं पायावर पाणी ओतू लागले. उजवा हात मांडीखाली.

"डाव्या हातानं कामून?" मामी म्हणाल्या. "जावयाचे पाय हायत ते. अधिक महिना हाय."

अप्पांनी क्षणभर मामीकडं पाहिलं, तांब्या खाली ठेवला आणि उजवा हात बाहेर काढून श्रीशैलच्या पावलावर ठेवला. तो हात तव्यासारखा तापला होता. बोटं मिटत नव्हती. तळवा टम्म फुगून कडक झाला होता आणि ठिपक्याभोवतीचं कातडं पांढरंफटक पडलं होतं. त्या हातानं अप्पा त्याचा पाय चोळत होते, तळवा, टाच, बोटांच्या बेचक्या, काही राहू नये अशा काळजीनं. त्यांच्या कपाळावर घाम होता. श्रीशैलला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. आयुष्यात त्याला कधी एवढी लाज वाटली नव्हती. त्यानं पाय ओढून घेतला. परात कलंडली.

"उठा मामा," तो म्हणाला. "दवाखान्यात जायचं. आत्ता."

कुणाला काही समजेना. भरल्या ताटावरून? एवढ्याशा टोचण्यापायी? मामी म्हणाल्या, एक पाय धुवायचा राहिलाय, असं अर्धं सोडून उठू नये. तेव्हा श्रीशैलनं सांगितलं की तेल आत गेलंय, हात कापावा लागतो याच्यानं, मला माहीत आहे. मंजुषानं त्याच्याकडं बघून हळूच विचारलं, "कधीपासून माहीत आहे?" त्यानं ऐकलं नाही असं दाखवलं.

गाडी निवृत्तीचीच होती, पिकअप. बोलावल्याबरोबर तो आला, काही न विचारता. उदगीरला डॉक्टरांनी हात बघितला आणि इथं वेळ घालवू नका, लातूर गाठा, असं सांगितलं. पुढच्या सीटवर तिघं दाटीनं बसले, मधे अप्पा, हात छातीशी धरून. मग निवृत्ती रस्त्यावरची नजर न काढता बोलू लागला.

"अप्पा, मी सकाळी लिव्हर मारलता हो दोन्हीकडं. मला वाटतंय मारलता. आता घरी बसून इचार करून राहिलो तर काय ध्यानातच येईना. मारला नसंल. लई चुकलं माझं."

"तुझं काय बी चुकलं न्हाई," अप्पा म्हणाले. "गाडी चालव."

श्रीशैल खिडकीच्या बाजूला होता. बाहेर सगळी काळी उघडी रानं, काही नांगरलेली, काही तशीच. शेजारी एक भला माणूस न केलेल्या चुकीपायी स्वतःच्या स्मरणशक्तीवरचा विश्वास गमावत होता आणि ते थांबवायला एक वाक्य पुरलं असतं. लातूर येऊ दे, सांगतो, असं त्यानं ठरवलं. लातूर आलं. दवाखान्यात विचारलं, कसं झालं? अप्पा म्हणाले, मी नट ढिला करायला गेलो. डॉक्टरीणबाईंनी हात दाबून पाहिला, बोटं हलवायला सांगितली, आणि त्यांचा चेहरा बदलला. तळवा उघडून आतलं सगळं धुवून काढावं लागेल, लगेच. हात वाचेल बहुतेक. बोटं पहिल्यासारखी वळतील का, ते आत्ता सांगता येणार नाही.

"दुपारीच का नाही आणलंत?" त्यांनी विचारलं. "कुणालाच माहीत नव्हतं का?"

या प्रश्नाचं उत्तर तिथं एकाच माणसाकडं होतं आणि तो भिंतीवरचं घड्याळ बघत होता.

आत नेताना अप्पांनी श्रीशैलला खुणेनं जवळ बोलावलं. तो वाकला. त्याला वाटलं, आता बोलतील. बोलावं, चार शिव्या द्याव्या, असं त्याला मनापासून वाटत होतं.

"घरी कुणाला काय सांगू नका," अप्पा म्हणाले. "अधिक हाय. माझ्या दारात तुमचा मान जाऊ ने."

दार बंद झालं. श्रीशैल मेल्याहून मेल्यासारखा बाकावर येऊन बसला. ज्या मानापायी त्यानं दिवसभर तोंड मिटून ठेवलं होतं, तो मान हा म्हातारा सुजलेल्या हातानं सांभाळत होता. निवृत्ती कुठूनतरी चहा आणि बिस्किटं घेऊन आला आणि पुडा त्याच्यापुढं धरला.

"घ्या पाव्हणं. तुमचं धोंड्याचं जेवण ऱ्हायलं आमच्यापायी."

आमच्यापायी. तो पुडा श्रीशैलला हातात घेववेना.

"निवृत्तीमामा," तो म्हणाला, "पाना माझ्या हातात होता. अप्पांच्या नाही. तुम्ही नांगर नीट सोडला होता. तेल उन्हानं फुगलं. मला बघताक्षणी कळलं होतं आणि लोकांपुढं मिरवायला मी नट सोडला. हातात तेल गेलंय हेही मला तिथंच कळलं होतं."

निवृत्ती चहाचा कप धरून उभाच राहिला. राग येईल म्हणून श्रीशैल वाट बघत होता. पण निवृत्तीच्या चेहऱ्यावर आधी आलं ते वेगळंच.

"मंजी लिव्हर मारलता मी?"

"मारला होता."

"दोन्हीकडं?"

"हो."

निवृत्ती बाकावर बसला. त्यानं कप खाली ठेवला, दोन्ही हातांनी तोंड पुसलं. मला वाटाय लागलं होतं का आता मला इसर पडाय लागला, असं तो स्वतःशीच पुटपुटला. श्रीशैलनं माफी मागितली. निवृत्तीनं ती घेतली असंही नाही आणि नाकारली असंही नाही. तो बराच वेळ त्या बंद दाराकडं बघत बसला. मग त्याचा आवाज बदलला.

"रेणुका तुमच्या दारातून उपाशी परत आली. साऱ्या भावकीपुढं. हे मला एकट्याला हितं सांगून काय उपेग? तिथं सांगा."

श्रीशैलला अप्पांचे शब्द आठवले. कुणाला काय सांगू नका. किती सोयीचे होते ते शब्द! सासऱ्याची आज्ञा म्हणून पाळतासुद्धा आली असती. त्यानं फोन काढला आणि मामींना लावला. पहिल्याच रिंगला उचलला गेला. मागं ओसरीवरची कुजबुज ऐकू येत होती. भावकी अजून उठली नव्हती.

"अव्वा, बोल की, काय झालं?" आईला विचारणाऱ्या मंजुषाचा आवाज लांबून आला. पण मामी आधी जावयाशी बोलल्या.

"जावईबापू, जेवलात का? पोटात काय हाय का तुमच्या?"

निवृत्ती त्याच्याकडं बघत होता. अप्पांना आत घेतलंय, हात वाचेल, एवढं आधी त्यानं सांगितलं. मग म्हणाला, मामी, फोन सगळ्यांना ऐकू जाईल असा करा. आणि जे निवृत्तीला सांगितलं तेच, त्याच शब्दांत, कमी न करता सांगितलं. बोलताना कान तापले होते. पलीकडची कुजबुज थांबली.

फोन कट झाला असं त्याला वाटलं. मग चपलांचा आवाज आला, कडी वाजली, कुत्रं भुंकलं, आणि धाप लागलेल्या आवाजात मामी म्हणाल्या, "कट करू नका. मी कांबळ्याच्या दारात आले. मी काय मनायचं ते मी मनते. तुमचं तुमी तिला सांगा."

फोन हातातून हातात गेला.

"हं," रेणुका म्हणाली. "बोला."